किडनीच्या गाठीतली जनुकं 'किती वर्षं' ते सांगतात का?

रानजाई
मंगळवार, रात्री ११:४२

धागा काढायचं कारण घरातलंच आहे. माझे सांगलीचे काका, वय ६३. उजवीकडे पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, सगळ्यांना वाटलं पित्ताशयातले खडे असतील. खडे निघालेच नाहीत, उजव्या किडनीवर साडेसहा सेंटिमीटरची गाठ निघाली. अठरा दिवसांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन करून अख्खी किडनी काढली. रिपोर्ट: क्लिअर सेल कार्सिनोमा (किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार), ग्रेड २ (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा आकडा), स्टेज पीटी१बी, म्हणजे गाठ किडनीच्या आतच. डॉक्टर म्हणाले, "औषध काही नाही, सहा महिन्यांनी सीटी करून या." घर जरा सैलावलं.

तेवढ्यात न्यू जर्सीच्या चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर एक शोधनिबंध टाकला. खाली लिहिलं, "अण्णांच्या (म्हणजे काकांच्या) गाठीची जीन एक्स्प्रेशन टेस्ट करून घ्या, सर्व्हायवल प्रेडिक्ट करता येतं." झालं! काकू रोज फोन करतेय, "अगं, तू ऑफिसात हेच करतेस ना?"

अगदी हेच नाही, पण शेजारचं करते. औषधांच्या चाचण्यांमधला सर्व्हायवलचा डेटा तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, अकरा वर्षं झाली. म्हणून निबंध दोनदा नीट वाचला. जे कळलं ते मांडते, चुकलं तर कान धरा.

निबंध २००६ चा, 'प्लॉस मेडिसिन'मधला. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड आणि उत्तर स्वीडनमधलं उमेओ, अशा दोन विद्यापीठांचं काम. १७७ रुग्णांच्या गाठी घेतल्या. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, पण सगळी सारखी वाजत नाहीत. पेटीच्या पट्ट्या त्याच, कुठली दाबली आणि किती जोरात, त्यावर सूर ठरतो. जनुक 'वाजलं' की त्याची आरएनए प्रत निघते. मायक्रोअ‍ॅरे नावाच्या चिपवर या प्रती एकदम मोजता येतात, हजारो जनुकांच्या, एका दमात.

डीएनएतली बिघडलेली जनुकं पाहून का भागत नाही? कारण या कॅन्सरमध्ये व्हीएचएल नावाचं जनुक बहुतेक सगळ्यांचंच बिघडलेलं असतं. तिसऱ्या गुणसूत्राचा आखूड हात तुटतो, त्यात ते जातं. जी खूण सगळ्यांच्याच कपाळावर आहे तिच्यावरून कोण तरेल आणि कोण नाही हे कसं ओळखणार?

आता मला आवडलेला भाग. १७७ जणांचे त्यांनी दोन गट केले. स्टेज, ग्रेड, रुग्णाची एकंदर तब्येत आणि किती वर्षं मागोवा घेतला, या चारही बाबतींत दोन्ही गट तोलून घेतले. पहिल्या गटात प्रत्येक जनुकाला एकेकट्याने विचारलं, "बाबा रे, तुझा जगण्यामरण्याशी काही संबंध दिसतो का?" ज्यांनी मान डोलावली तेवढी ठेवली, आणि त्यांचं मिळून एक माप तयार केलं. जनुकं निघाली २५९. मग दुसरा गट उघडला, जो तोपर्यंत कपाटात बंद होता. तिथेही हे माप चाललं. स्टेज आणि ग्रेड आधीच हिशोबात धरल्यावरही त्याचं वजन शिल्लक राहिलं. आमच्या धंद्यात याला किंमत आहे, कारण बहुतेक ठिकाणी पेपर आधीच फुटलेला असतो.

पण म्हणून काकांची 'वर्षं' निघतील का? निबंधातले आलेख आहेत ते जिन्यासारखे उतरणारे, दोन गटांचे दोन जिने. एक हळू उतरतो, एक भराभर. भराभर उतरणाऱ्या जिन्यावरही शेवटच्या पायरीपर्यंत टिकलेली माणसं असतात, आणि दुसऱ्यावरून पहिल्याच वर्षी घसरलेलीही. काकांच्या नावाची पायरी त्यात नाही.

तरीही प्रश्न उरतोच. निबंधाला वीस वर्षं होत आली. एवढं चांगलं चालतं तर ही टेस्ट काकांच्या हॉस्पिटलात का नाही? की मीच काहीतरी वाचायचं सोडलंय?


शेवगा
बुधवार, सकाळी ७:१५

वाचतेय. माझा बाळबोध प्रश्न: ही ती आनुवंशिक टेस्ट का, स्तनाच्या कॅन्सरला बहिणींची करतात ती? म्हणजे तुझ्या चुलतभावंडांनाही करावी लागेल?


रानजाई
बुधवार, सकाळी ८:०२

नाही गं. ती रक्तातून, जन्मतःच आलेल्या दोषासाठी. ही गाठीच्या तुकड्यातून, गाठीत सध्या काय चाललंय त्यासाठी. व्हीएचएलचा जन्मजात आजारही असतो, पण त्यात गाठी सहसा लहान वयात, दोन्ही किडन्यांत आणि इतरत्रही येतात. काकांचं तसं काही दिसत नाही.


काचपट्टी
बुधवार, दुपारी १:३०

मी पॅथॉलॉजिस्ट. निवृत्त झालो, पण हात अजून सूक्ष्मदर्शकाच्या चाकावर फिरतो. तुझ्या निबंधाच्या आधीची पायरी सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही.

किडनी आमच्याकडे फॉर्मालिनच्या डब्यात येते. उभी चिरली की क्लिअर सेलची गाठ नुसत्या डोळ्यांना कळते. हापूसच्या फोडीसारखी पिवळीधमक, मधूनमधून रक्ताचे काळपट डाग, कुठे पांढुरका चिवट पट्टा, कुठे मेलेला मऊ भाग. पिवळी, कारण पेशींत चरबी ठासून भरलेली. मेणात बसवण्याआधी तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून काढतात, त्यात ती चरबी विरघळते आणि भिंगाखाली पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. म्हणून क्लिअर सेल. नाव आमच्या धुलाईवरून पडलंय म्हण ना.

आता सांग, या गाठीतला कुठला तुकडा चिपवर घालायचा? पिवळा की पांढरा? डावीकडचा की उजवीकडचा? हा टोमणा नाही. २०१२ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये हेच दाखवलं. एकाच गाठीचे अनेक जागचे तुकडे घेतले आणि प्रत्येक वेगळा तपासला. ६३ ते ६९ टक्के जनुकीय बदल गाठीच्या सगळ्या भागांत सापडलेच नाहीत. तुझ्या प्रश्नाशी थेट जुळणारी गोष्ट पुढे आहे: एकाच गाठीच्या एका तुकड्यात जीन एक्स्प्रेशनने 'चांगलं भविष्य' दाखवलं आणि दुसऱ्या तुकड्यात 'वाईट'. माणूस एक, गाठ एक, कुंडल्या दोन!

आणि एक काम लगेच कर. काकांच्या रिपोर्टमध्ये 'ग्रॉस' म्हणून, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी काय दिसलं त्याचा, परिच्छेद असेल. त्यात रीनल सायनसमधून किती तुकडे घेतले ते बघ. सायनस म्हणजे किडनीच्या मधल्या खाचेतली चरबी, जिथून शिरा बाहेर पडतात. मोठी गाठ तिथूनच हळूच बाहेर डोकावते आणि तिथेच ती नजरेतून सुटते. गाठ आणि सायनस भिडतात तिथून तीन तरी तुकडे घ्यावेत असा दंडक आहे.


दोनअधिकदोन
बुधवार, रात्री ९:५०

धाग्यावर थंड पाणी ओततो, राग मानू नका.

२०११ चा एक निबंध आहे, ब्रुसेल्सच्या व्हेने आणि मंडळींचा. विषय स्तनाचा कॅन्सर. त्यांनी मुद्दाम चावट याद्या घेतल्या. जेवणानंतर हसल्यावर बदलणारी जनुकं. दांडगाई करणाऱ्या उंदराने दबवलेल्या उंदरांच्या मेंदूतली जनुकं. या याद्यांचाही रुग्णांच्या जगण्याशी 'लक्षणीय' संबंध निघाला! पुढे तर डोळे मिटून शंभराहून जास्त जनुकं उचलली, तरी अशा दहातल्या नऊहून अधिक याद्या परीक्षेत पास. कारण साधं आहे. पेशी भराभर वाढायला लागली की हजारो जनुकं एकदम हलतात, कुठलीही मूठ उचला, त्या वाढीची सावली हाताला लागणारच.

किडनीत हे जास्तच. टीसीजीए या अमेरिकन प्रकल्पाचा किडनीचा डेटा सगळ्यांना खुला आहे, चारशेहून जास्त गाठी. २०१७ मध्ये स्वीडनच्या मंडळींनी सतरा प्रकारचे कॅन्सर घेऊन कुठली जनुकं जगण्याशी जोडलेली आहेत ते तपासलं, त्यात किडनीच्या खात्यात हजारोंनी जनुकं पडली. मग काय, लॅपटॉप असलेला प्रत्येक जण एक यादी काढतो. लोहाने मरणाऱ्या पेशींची यादी, तांब्याने मरणाऱ्या पेशींची यादी, याची सात जनुकं, त्याची अकरा. मी स्वतः पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एक काढली होती. गाईडना दाखवली. ते म्हणाले, "छान. आता दुसऱ्या देशातल्या गाठींवर चालवून दाखव." तिथेच ती वारली.


रानजाई
गुरुवार, सकाळी ७:४०

दोनअधिकदोन, व्हेने यांचा मुद्दा मान्य, पण तो कुठे लागू होतो ते बघा. 'या जनुकामुळे कॅन्सर पसरतो' असं म्हणणाऱ्याला तो चांगलाच चिमटा आहे. 'या यादीवरून अंदाज बांधता येतो' असं म्हणणाऱ्याला तेवढा नाही. माझ्या आजीचा गुडघा दुखला की पाऊस यायचा. गुडघा पाऊस पाडत नव्हता, पण आम्ही वाळवण उचलायचो.

खरा प्रश्न, स्टेज आणि ग्रेड माहीत असताना गुडघा काही जास्तीचं सांगतो का? २००६ च्या निबंधात तसं दिसलं. पण दोन्ही गट एकाच ठिकाणचे, उमेओचे, आणि चिपही एकच, हे मी पहिल्या पोस्टमध्ये ठासून लिहायला हवं होतं. तुमच्या गाईडचा प्रश्न तिथेही लागू.

आणि सगळंच सावली नाही हो. २०१३ ला टीसीजीएचा स्वतःचा निबंध 'नेचर'मध्ये आला. ज्यांचं पुढे वाईट झालं त्यांच्या गाठींनी खाण्यापिण्याची पद्धतच बदललेली होती. क्रेब्ज चक्राची (ज्यातून पेशी ऊर्जा काढते) जनुकं मंद, पेंटोज फॉस्फेट मार्गाची (ज्यातून वाढीचा कच्चा माल बनतो) जोरात. ही काही मूठभर धूळ म्हणता येणार नाही.

काचपट्टी काका, ग्रॉसचा परिच्छेद बघितला. सायनसमधून एक तुकडा. एकच.


काचपट्टी
गुरुवार, सकाळी ९:०५

लॅबला आजच फोन कर. किडनीचा डबा रिपोर्टनंतर काही आठवडेच ठेवतात, मग विल्हेवाट लावतात. मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षं राहतात, पण जो भाग ठोकळ्यात घेतलाच नाही तो डब्यातच असतो. विनंती अर्ज सर्जनकडून गेला तर काम लवकर होईल.


उत्तरध्रुव
गुरुवार, दुपारी ४:२०

धाग्यात उमेओचं नाव बघून राहवलं नाही. मी चार वर्षं तिथे होतो, आता स्टॉकहोमला. कॅन्सरशी माझा संबंध नाही, मी लाकडाच्या लगद्यावर काम करतो. पण तो अभ्यास तिथे का होऊ शकला, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

स्वीडनमध्ये प्रत्येक माणसाला १९४७ पासून एक व्यक्तिक्रमांक आहे. दातांचा डॉक्टर, बँक, ग्रंथालय, सगळीकडे तोच. देशाची कर्करोग नोंदणी १९५८ पासून. मृत्यूच्या कारणांची नोंद वेगळी. माणूस उमेओहून दक्षिणेला माल्मोला जाऊन वारला तरी त्याच्या गाठीच्या तुकड्याशी ती तारीख आणि ते कारण जोडता येतं. चिप काय, पैसे टाकले की कुठेही मिळते. दहा वर्षांनी तो माणूस आहे की नाही, आणि गेला तर कशाने, हे ठामपणे सांगता येणं दुर्मिळ. रानजाई, तुमच्या आलेखातली प्रत्येक पायरी म्हणजे कोणीतरी नीट लिहून ठेवलेली एक तारीख आहे.

अवांतर: १८८८ ला उमेओचा बराचसा भाग जळाला, तेव्हापासून आग पसरू नये म्हणून रस्त्यांवर बर्चची झाडं लावली. ऑक्टोबरमध्ये शहर पिवळं होतं. काचपट्टींचा हापूस वाचून तेच आठवलं, काय करणार.


शेवगा
गुरुवार, सायंकाळी ६:१०

आपल्याकडे अगदीच नाही असं नको म्हणायला. मुंबईची कर्करोग नोंदणी साठच्या दशकापासूनची. आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून नोंदणी आहे, देशातली पहिली ग्रामीण. आमच्या गावात तिथली माणसं यायची, घरोघर विचारायची. मी लहान असताना वाटायचं जनगणनेवालेच आहेत.


दोनअधिकदोन
गुरुवार, सायंकाळी ६:४५

+१. शेवगा, बार्शीचं माहीत नव्हतं. उत्तरध्रुव यांचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा. माझ्या यादीत चौदा जनुकं होती आणि 'मागोवा सुटला' असे रुग्ण त्याहून कितीतरी जास्त.


गावठी_इंजिनियर
गुरुवार, रात्री १०:३०

एवढा काथ्याकूट कशाला? सगळा डेटा एआयला घाला, तो काढेल पॅटर्न. आपण फक्त उत्तर वाचायचं.


दोनअधिकदोन
गुरुवार, रात्री १०:३४

दादा, जनुकं वीस हजार आणि रुग्ण १७७. एवढ्यात एआय रुग्णांच्या आडनावांचाही पॅटर्न काढून देईल.


रात्रपाळी
शुक्रवार, पहाटे ३:१५

कॅन्सर विभागात आहे, ड्यूटीवर आहे, वॉर्ड शांत आहे तोवर लिहून घेते. मूळ प्रश्न होता की ही टेस्ट हॉस्पिटलात का नाही.

प्रयत्न बरेच झाले. २५९ जनुकं मोजणं आणि त्यासाठी गोठवलेला तुकडा सांभाळणं रोजच्या कामात जमत नाही, म्हणून याद्या आखूड झाल्या आणि मेणाच्या ठोकळ्यांवर चालतील अशा बनवल्या. ३४ जनुकांची एक आहे, क्लिअरकोड३४, ती गाठींची दोन घरं पाडते, एक बरं आणि एक वाईट. २०१५ ला 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त १६ जनुकांची आली: ११ कामाची आणि ५ तुलनेसाठी. ती अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ९४२ रुग्णांवर बेतली आणि फ्रान्समधल्या ६२६ जणांवर तपासली. दोनअधिकदोन, दुसऱ्या देशातल्या गाठींवर! आणि चालली.

मग अडलं कुठे? सुनिटिनिब या औषधाच्या चाचणीतल्या रुग्णांवर हीच १६ जनुकं लावली. धोका कोणाला जास्त हे तिथेही बरोबर सांगितलं. पण औषधाचा फायदा कोणाला होईल हे नाही सांगता आलं. डॉक्टरला पेशंटसमोर बसल्यावर दुसरं हवं असतं. 'तुमचा धोका जास्त आहे' म्हटल्यावर पुढचं वाक्य काय, ते टेस्ट देत नव्हती.

तोवर फुकटातला हिशोब हाताशी होताच. स्टेज, आकार, ग्रेड, लसीकाग्रंथी आणि गाठीत मेलेला भाग आहे का, एवढ्यावर मेयो क्लिनिकच्या लायबोविच यांनी २००३ मध्ये गुण ठरवले. ० ते २ गुणांच्या गटात पाच वर्षं दुसरीकडे न पसरता राहणारे सुमारे ९७ टक्के, ३ ते ५ मध्ये ७४, त्यापुढे ३१. काकांच्या रिपोर्टप्रमाणे मेलेला भाग नसेल तर गुण २. एवढ्या अंतरात जनुकांनी भर घालायची म्हणजे कठीण परीक्षा.

जिथे खरी आशा आहे ती जागा वेगळी. आजार पसरलेल्यांमध्ये कोणाला रक्तवाहिन्या रोखणारं औषध आणि कोणाला प्रतिकारशक्ती जागवणारं, हे निवडायला. आयमोशन१५१ या चाचणीतल्या ८२३ गाठींची आरएनए तपासून त्यांचे सात गट पाडले. काही गाठी रक्तवाहिन्यांच्या जनुकांनी गजबजलेल्या, काही टी पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या. फ्रान्समध्ये बायोनिक नावाच्या चाचणीत ३५ जनुकांवरून गट पाडून त्याप्रमाणे औषधं देऊनही पाहिली. रोजच्या ओपीडीत अजून नाही, पण प्रश्न योग्य विचारलाय असं माझं मत. बेल वाजली, पळते.


अबोली७१
शुक्रवार, सकाळी ११:००

इतके दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते. आमच्या ह्यांना २०१९ ला हाच आजार निघाला, तेव्हा फुप्फुसात गेलेला होता. एका लॅबचा माणूस हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटला. जीन टेस्ट करा, सगळं कळेल म्हणाला. पाऊण लाखाला थोडे कमी. बांगड्या नाही विकल्या, पण एफडी मोडली. चाळीस पानांचा रिपोर्ट आला, रंगीत. आमच्या डॉक्टरांनी सात-आठ पानं उलटली आणि म्हणाले, "व्हीएचएल बिघडलंय. ते असणारच होतं." बाकीच्या पानांवर भारतात न मिळणारी औषधं.

मला राग त्या पैशांचा नाही. 'किती वर्षं' हे मला हवं होतं, ह्यांना नको होतं. रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. टीव्हीवर मॅच बघत बसले. ते २०२२ ला गेले. रानजाई, तुमच्या काकांना विचारलंत का हो कोणी, त्यांना काय हवंय ते?


रानजाई
शुक्रवार, दुपारी १२:१०

अबोलीताई, नाही विचारलं. चुलतभाऊ, काकू, मी, सगळे आपापसातच. शनिवारी सांगलीला जातेय.


शेवगा
शुक्रवार, दुपारी १२:४०

अबोलीताई, लिहिलंत ते बरं केलंत.


रानजाई
पुढच्या गुरुवारी, रात्री १०:२०

दोन गोष्टी झाल्या.

डबा मिळाला. लॅबवाले म्हणाले, अजून चार दिवसांनी फोन केला असता तर नसता. सर्जननी अर्ज दिला, सायनसकडून आणखी चार तुकडे घेतले. त्यातल्या दोनात गाठ चरबीत शिरलेली दिसली. स्टेज पीटी१बी नाही, पीटी३ए. ग्रेड तोच, मेलेला भाग नाही. म्हणजे रात्रपाळीच्या हिशोबाने दोनाचे चार गुण. ९७ च्या गटातून ७४ च्या गटात, आणि एकाही जनुकाला हात न लावता. काकू दिवसभर रडली. मी शौचालयात जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

दुसरं, काकांना विचारलं. ओसरीत बसले होते. म्हणाले, "किती वर्षं ते राहू दे. बाग जुनी झालीय. काढून नवीन लावली तर माल यायला तीन वर्षं जातात. लावू का नको, तेवढं सांग." आम्हाला वाटत होतं त्यांना ऐकायचं नाही. त्यांना ऐकायचं होतं, पण द्राक्षांच्या मापात.


रात्रपाळी
शुक्रवार, पहाटे १:५०

रानजाई, पीटी३ए झाल्यावर डॉक्टरांशी एक विषय नक्की काढा: ऑपरेशननंतर वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब, प्रतिकारशक्ती जागवणारं औषध. किनोट-५६४ या चाचणीत ९९४ रुग्ण होते, धोका काकांसारखा किंवा त्याहून जास्त. चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ९१.२ टक्के हयात, न घेतलेल्यांपैकी ८६. औषध ऑपरेशनपासून बारा आठवड्यांच्या आत सुरू केलं होतं, म्हणून वेळ घालवू नका. महाग आहे, थायरॉइडपासून आतड्यापर्यंत त्रास होऊ शकतो, आणि याच जातीच्या अ‍ॅटेझोलिझुमॅबला तशाच चाचणीत यश आलं नाही. त्यामुळे 'घ्याच' असं मी म्हणणार नाही.

बघा, शंभरातले पाच. ८६ जण औषधाशिवायही असते, नऊ जण घेऊनही नसतात. ते मधले पाच आधी ओळखता आले तर बाकीच्यांचं वर्ष आणि पैसे वाचतील. जनुकांची यादी काढायची असेल तर या पाचांसाठी काढा रे पीएचडीवाल्यांनो.


दोनअधिकदोन
शुक्रवार, सकाळी ८:३०

ऐकतोय. पण पाच ओळखायला गाठी हजारांत लागतील, आणि त्याही उमेओसारख्या तारखा लिहिलेल्या.


काचपट्टी
शुक्रवार, सकाळी ९:१५

रानजाई, लॅबला दोष देत बसू नकोस. मीही तरुणपणी सायनसमधून एकच तुकडा घेत असे, तेव्हा तीनाचा दंडक नव्हता. नवे ठोकळे आणि जुने सगळे मागून घे आणि घरी कोरड्या जागी ठेव. फ्रिजमध्ये नको, देवघरात समईजवळ तर नकोच, मेण आहे ते.


शेवगा
१४ दिवसांनी, रात्री ९:००

धागा वर काढतेय. काका कसे आहेत? बागेचं काय ठरलं?


रानजाई
१४ दिवसांनी, रात्री ९:२५

औषधाचा पहिला डोस परवा झाला, तीन आठवड्यांनी दुसरा. थोडी खाज, बाकी काही नाही. ठोकळे माझ्याकडे आहेत, बुटांच्या खोक्यात, वर नाव लिहून.

बाग अर्धी ठेवली. उरलेल्या अर्ध्यात डॉगरिजची खुंटं (ज्यांवर द्राक्षाचं कलम बांधतात ती) लावून झाली, कलमं ऑगस्टमध्ये. जुन्या अर्ध्याची खरड छाटणी सोमवारी आहे. काका म्हणतात गडी नीट छाटत नाहीत, मी बांधावर खुर्ची टाकून बसणार.